चार नावांची यादी आणि मृत्यूच्या कारणाचा रिकामा रकाना

पार्श्वभूमी

ठाणे पश्चिमेला, पोखरण रस्त्यापासून थोडी आत, तीस-पस्तीस वर्षं जुनी एक सोसायटी आहे. चार इमारती, ३९० सदनिका, दीड हजाराच्या आसपास माणसं. पहिल्या पिढीने तरुणपणी घरं घेतली, त्यामुळे आता निम्म्या घरांत कुणी ना कुणी सत्तरीच्या पुढे आहे. मी इथेच राहते. माझी सगळी नोकरी जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात झाली. २०२२ मध्ये निवृत्त झाले. सोसायटीच्या व्यवस्थापक समितीवरही मी होते, म्हणजे पुढच्या निर्णयांत माझा हात आहे, चुकलेल्या निर्णयांतही. वयं, मजले, नात्यातले काही तपशील बदलले आहेत. चारही कुटुंबांनी मजकूर वाचून होकार दिला आहे.

२०२४ च्या मे-जूनमध्ये, आठ आठवड्यांत, सोसायटीतली चार माणसं गेली. एक ४६ वर्षांचे गृहस्थ, ऐरोलीला आयटी कंपनीत नोकरीला. सकाळी उपवन तलावाच्या कडेने चालता चालता कोसळले. एक ७१ वर्षांचे आजोबा, तीन वर्षं डायलिसिसवर. एक ३८ वर्षांची बाई, जिच्या आजारपणाबद्दल शेजाऱ्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. आणि ५८ वर्षांच्या एक शिक्षिका, पक्षाघाताने.

त्याच्या थोडं आधी, एप्रिलच्या अखेरीस, एक बातमी सगळीकडे फिरत होती. अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयात दिलेल्या कागदात मान्य केलं होतं, की त्यांच्या लसीमुळे अत्यंत क्वचित वेळा रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होण्याचा विकार होऊ शकतो. आपल्याकडे हीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने कोव्हिशील्ड नावाने बनवली आणि देशातले बहुतेक डोस तिचेच होते. बातमी खरी होती. विकार मात्र जुना होता. २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्येच युरोपात तो ओळखला गेला होता, आणि त्याच वर्षी मे महिन्यात लसीच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या आपल्या केंद्रीय समितीने अशा २६ संशयित घटना जाहीर केल्या होत्या, दर दहा लाख डोसमागे ०.६१. पण मे २०२१ मध्ये कोण हे वाचत होतं? त्या महिन्यात माणसं ऑक्सिजन सिलिंडर शोधत होती. तीन वर्षांनी तीच गोष्ट कानावर आली तेव्हा ती इतके दिवस दाबून ठेवली होती असंच सगळ्यांना वाटलं.

प्रश्न कसा उभा राहिला

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक यादी आली. मथळा होता, ‘आपल्या सोसायटीतले लसीचे बळी’. खाली चार सदनिकांचे क्रमांक, वयं, आणि प्रत्येकाने किती डोस घेतले होते ते. शेवटी एक ओळ: ‘आता नंबर कोणाचा?’ यादी टाकणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. सोसायटीचे खजिनदार म्हणून बारा वर्षं त्यांनी एका पैशाची चूक होऊ दिली नव्हती. त्यांच्या शब्दाला वजन होतं.

पुढच्या दहा दिवसांत जे झालं ते मी वहीत लिहून ठेवलं होतं. लोक कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये डी-डायमर, म्हणजे रक्तातल्या गुठळ्यांचा अंदाज देणारी चाचणी, करायला रांगा लावू लागले. लस घेऊन तीन वर्षं झाल्यावर त्या तपासणीतून काहीच कळत नाही, फक्त आकडा थोडा वर आला की घाबरायला होतं. बी विंगमधल्या एका काकांनी केमिस्टकडून रक्त पातळ करायची गोळी आणून स्वतःच सुरू केली आणि पोटात रक्तस्राव होऊन चार दिवस दवाखान्यात काढले. आणि डी विंगमध्ये नऊ महिने पूर्ण झालेल्या एका बाळाची गोवर-रुबेलाची लस त्याच्या आईने पुढे ढकलली. आरोग्य केंद्रातल्या ताई दोनदा येऊन परत गेल्या. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत आणि भिवंडीत गोवराची साथ येऊन मुलं गेली होती, ते आठवून माझ्या पोटात गोळा आला.

पण मला झोप लागू दिली नाही ती वेगळ्याच गोष्टीने. यादीतल्या पहिल्या नावाची बायको एका संध्याकाळी घरी आली. चहा समोर तसाच निवत राहिला. मग म्हणाली, “काकू, स्लॉट मीच बुक केला होता. लोकलसाठी.”

ऑगस्ट २०२१ मध्ये दोन डोस झालेल्यांनाच लोकलने प्रवास करता येईल असा नियम आला होता. त्यांना रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने ऐरोलीला जायचं. ते टाळाटाळ करत होते. तिनेच रात्री जागून को-विनवर स्लॉट मिळवला, तिनेच त्यांना रांगेत उभं केलं. आता यादी तिला सांगत होती की नवरा तिच्यामुळे गेला.

समितीपुढचे पर्याय

समितीची बैठक क्लब हाऊसमध्ये झाली. सचिवांचं म्हणणं, यादी काढून टाकायची आणि ग्रुपवर फक्त समितीलाच लिहिता येईल असं करायचं. दोघांचं म्हणणं, पोलिसांत तक्रार द्यावी. एक डॉक्टर बोलावून व्याख्यान ठेवावं असंही पुढे आलं. एका ज्येष्ठ सदस्यांनी सुचवलं की काहीच करू नये, महिनाभरात लोक विसरतील. मी व्याख्यानाच्या बाजूने होते.

पोलिसांचा पर्याय लगेच बाद झाला. यादी काढणं आणि व्याख्यान या दोन्ही गोष्टी आम्ही केल्या, आणि दोन्ही चुकल्या.

चुकलेले निर्णय

यादी काढली, ग्रुप बंद केला, आणि सरकारी खुलाशाची एक लिंक टाकली. दुसऱ्या दिवशी नवा ग्रुप तयार झाला. त्यात दोनशे माणसं होती आणि यादीबरोबर एक नवं वाक्य फिरत होतं: ‘समितीला काय लपवायचंय?’ लोकांच्या मनात लपवाछपवीचा संशय आधीच होता, आणि आम्ही लपवण्यासारखंच वागलो.

व्याख्यानाला चाळीस जण आले. डॉक्टर चांगले, मनापासून बोलणारे. त्यांनी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास समजावला. देशातल्या ४७ रुग्णालयांतून, १८ ते ४५ वयाच्या, ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ या काळात अचानक गेलेल्या ७२९ जणांची तुलना २,९१६ जिवंत माणसांशी केली होती. दोन डोस घेतलेल्यांत असा मृत्यू कमी आढळला. धोका वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच निघाल्या: कोविडमुळे रुग्णालयात दाखल होणं, घरात कुणाचा अचानक मृत्यू झालेला असणं, मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत बेसुमार दारू किंवा अतिश्रमाचा व्यायाम. मागच्या रांगेतून माजी खजिनदार उभे राहिले आणि एकच प्रश्न विचारला. “डॉक्टर, २०२१ मध्ये माणसं जास्त मेली की नाही?” डॉक्टर म्हणाले, त्याचे अंतिम आकडे अजून यायचे आहेत. “म्हणजे सरकारकडे लसीचा अभ्यास आहे, पण मेलेल्यांची मोजणी नाही.” सभा तिथेच संपली.

त्यांचं म्हणणं खरं होतं, हे मान्य करायला मला दोन दिवस लागले.

खजिनदारांकडे

मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी फाईल काढली. वर्तमानपत्रांची कात्रणं, शहरातल्या मृत्यूंचे वर्षवार आकडे, सगळं तारखेनुसार लावलेलं. फाईलच्या तळाशी त्यांच्या पत्नीचे कागद होते. एप्रिल २०२१. आरटीपीसीआर पॉझिटिव्ह, आठव्या दिवशी एका खासगी रुग्णालयात मृत्यू, आणि रुग्णालयाच्या कागदावर कारण: न्यूमोनिया. कोविड हा शब्दच नाही. त्यांना चेहरा दाखवला नव्हता. पत्नीने लस घेतलेली नव्हती. पंचेचाळीसच्या वरच्या सगळ्यांना लस १ एप्रिलला खुली झाली होती आणि त्यांचा स्लॉट पुढच्या आठवड्यातला होता.

त्या क्षणी मला कळलं की हा माणूस आकड्यांशी खेळ करणारा नाही. त्याच्या घरातलं एक माणूस कुठल्याच मोजणीत आलेलं नाही, आणि त्याने हिशेब स्वतः करायला घेतला आहे.

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मी जे पाहिलं ते सांगितलं. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये आमच्या कार्यालयाच्या खिडकीसमोरची रांग रस्त्यापर्यंत जायची. मृत्यू जास्त झाले, कुणी नाही म्हटलं तरी झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये भारतासाठी दोन वर्षांत ४७ लाख जादा मृत्यूंचा अंदाज दिला, सरकारने तो नाकारला, आणि त्या दोन वर्षांतले सरकारी कोविड मृत्यू पाच लाखांच्या आत होते. (आमच्या बोलण्यानंतर जवळजवळ वर्षाने, मे २०२५ मध्ये, नोंदणीचे आकडे बाहेर आले: २०१९ मध्ये ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१.२ लाख, २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. ही वाढ सगळी कोविडचीच असं म्हणता येत नाही, नोंदणीचं प्रमाणही वाढत असतं. पण हे आकडे वेळेवर आले असते तर त्या सभेत डॉक्टरांना गप्प बसावं लागलं नसतं.)

मग मी विचारलं, जादा मृत्यू कोणत्या महिन्यांत? ते म्हणाले, एप्रिल, मे. आणि डोस सगळ्यात जास्त कधी दिले गेले? त्यांच्याच फाईलमध्ये होतं. १७ सप्टेंबर २०२१ ला एका दिवसात अडीच कोटी. लस मारत असती तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माझ्या खिडकीसमोरची रांग मे महिन्यापेक्षा मोठी असायला हवी होती. ती नव्हती. गणपतीनंतर आम्ही वेळेवर घरी जाऊ लागलो होतो. लसीकरणाची सुरुवात आणि दुसरी लाट एकाच वेळी आली, म्हणून दोन्ही एकमेकांत मिसळून दिसतात.

शहराच्या आकड्यांबद्दलही एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती, आणि ती आमच्या खात्याबाहेर फारशी कुणालाच माहीत नसते. मृत्यूची नोंद माणूस जिथे मरतो तिथे होते, जिथे राहतो तिथे नाही. शहापूर, मुरबाड, भिवंडीहून ठाण्याच्या रुग्णालयात आलेला माणूस इथे गेला तर तो ठाण्याच्या वहीत. आपला माणूस परळला गेला तर तो मुंबईच्या वहीत. त्यात शेवटची जनगणना २०११ ची, तेव्हा शहर १८ लाखांचं. घोडबंदरला त्यानंतर किती टॉवर उभे राहिले ते आपण बघतोच. एवढ्या हलत्या पायावर ‘यंदा इतके टक्के जादा’ म्हणायचं तर फार जपून.

सोसायटीचा हिशेब मात्र आम्ही दोघांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर केला. देशाचा मृत्युदर हजारी सहाच्या आसपास. दीड हजार माणसांत वर्षाला नऊ, दोन महिन्यांत सरासरी दीड. मग चार जास्त नाहीत का? जास्त आहेत. पण मृत्यू सारख्या अंतराने येत नाहीत. सरासरी दीड असेल तर एखाद्या दोन महिन्यांत चार किंवा अधिक येण्याची शक्यता शंभरात सहा-सात. वर्षात असे सहा तुकडे, म्हणजे सरासरी दर अडीच-तीन वर्षांनी एकदा हे घडतं. आमच्याकडे म्हातारी माणसं जास्त, म्हणजे त्याहून लवकर. त्यांनी स्वतःच जुन्या सभांची इतिवृत्तं काढून श्रद्धांजलीचे ठराव मोजले. २०१६ च्या पावसाळ्यात दोन महिन्यांत पाच जण गेले होते. कुणाच्या लक्षातही नव्हतं. तेव्हा विचारावं असं कारणच समोर नव्हतं.

आणि चौघांनीही लस घेतली होती, याचं काय? सोसायटीत मोठ्यांपैकी जवळजवळ सगळ्यांनीच घेतली होती. मग मरणाराही लस घेतलेलाच असणार.

दुसरा पेच: आजार उघड करायचा का?

यादीतली ३८ वर्षांची बाई कर्करोगाने गेली होती. निदान झालं तेव्हा आजार चौथ्या टप्प्यात होता. धाकट्या मुलीच्या शाळेत कळू नये, सासरच्यांनी काही बोलू नये, म्हणून घरच्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. समितीत हे फक्त मला ठाऊक होतं. हे एक वाक्य बोलले असते तर यादीचा एक चतुर्थांश भाग त्याच रात्री कोसळला असता.

मी तिच्या नवऱ्याला विचारलं. तो नाही म्हणाला. मी गप्प राहिले. आजही वाटतं तेच बरोबर होतं, जरी त्यामुळे दोन आठवडे जास्त गेले. ज्यांच्या दुःखाचा वापर यादीने केला, त्यांच्याच दुःखाचा वापर आम्ही यादी पाडायला कसा करायचा?

कागद

आता पहिल्या कुटुंबाकडे, म्हणजे स्लॉट बुक करणाऱ्या त्या बायकोकडे. मी तिला म्हटलं, तुझ्याकडे असतील ते सगळे कागद घेऊन ये.

मृत्यूचा दाखला आणला. त्यावर कारण नसतं. कायद्यानेच नसतं, १९६९ च्या नोंदणी कायद्यात दाखल्यावर मृत्यूचं कारण लिहायला मनाई आहे. कारण जातं वेगळ्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर, रुग्णालयात मृत्यू झाला तर नमुना ४, बाहेर झाला तर नमुना ४-अ. ऑक्टोबर २०२३ पासून त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यावी लागते. तिला मिळाली नव्हती, मागायची असते हेही माहीत नव्हतं. प्रत काढली. त्यावर एकच ओळ: ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने’.

हे कारण नव्हे. प्रत्येक मरणाऱ्या माणसाचं हृदय बंद पडतं. नमुन्यावरच सूचना छापलेली असते की मरण्याची पद्धत लिहू नका, तिच्यामागचा आजार लिहा. खालच्या ओळी त्यासाठीच असतात. त्या कोऱ्या होत्या. नोकरीत असे हजारो कागद मी नोंदवून घेतले, परत पाठवले नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा असा कागद मी मेलेल्या माणसाच्या बायकोशेजारी बसून वाचला.

असं का झालं तेही निघालं. रुग्णालयात नेलं तेव्हा त्यांनी मृत घोषित केलं. अशा वेळी पोलिसांना कळवून शवविच्छेदन व्हायला हवं. दीर हात जोडून उभे राहिले, “आता कापू नका.” रुग्णालयाने सोडलं, ओळखीच्या डॉक्टरांनी प्रमाणपत्र दिलं, दुपारी अंत्यसंस्कार झाले. त्या सकाळी ते दयेने झालं. पण कारण कळण्याची एकच संधी होती, ती गेली.

मग उरलेल्या कागदांतून जमलं तेवढं जुळवलं. एप्रिल २०२१ मध्ये कोविड, बाळकुमच्या कोविड रुग्णालयात नऊ दिवस, ऑक्सिजनवर. पहिला डोस त्यानंतर, ऑगस्टमध्ये, दुसरा ८४ दिवसांनी. मृत्यू त्याच्या अडीच वर्षांनंतर; गुठळ्यांचा तो विकार डोसनंतरच्या काही आठवड्यांत होतो. कंपनीच्या २०२२ च्या तपासणीत कोलेस्टेरॉल बरंच वाढलेलं, ‘डॉक्टरांना भेटा’ असा शेरा, भेट झालेली नाही. वडील ४९ व्या वर्षी हृदयविकाराने गेलेले. आयसीएमआरचा अभ्यास मी तिला लावून दाखवला नाही. यांचं वय आणि मृत्यूचा काळ दोन्ही त्याच्या बाहेरचे.

तिने सरळ विचारलं, “काकू, लसीने नाही ना?”

मी म्हटलं, “शवविच्छेदन नाही, त्यामुळे कशाने गेले हे कुणीच तुला शपथेवर सांगू शकणार नाही. पण समोरच्या कागदांत हृदयविकाराकडे बोट दाखवणाऱ्या गोष्टी आहेत. लसीकडे बोट दाखवणारी एकही नाही. आणि स्लॉट बुक करून तू त्याच्यावर मायाच केलीस गं.” ती बराच वेळ रडली. मीही.

परिणाम

जुलैच्या अखेरीस माजी खजिनदारांनी दुसऱ्या ग्रुपवर स्वतः लिहिलं की यादीतली तीन नावं ते मागे घेत आहेत. हिशेबही कॅलेंडरच्या पानाच्या फोटोसकट टाकला. ४६ वर्षांच्या गृहस्थांचं नाव त्यांनी ठेवलं, पुढे ‘कारण अज्ञात’ असं लिहून. मला आधी राग आला. नंतर वाटलं, कागदाप्रमाणे तेच खरं आहे.

बाळाला अकराव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस मिळाली. व्याख्यानाने नाही, आरोग्य केंद्रातल्या ताई तिसऱ्यांदा आल्या, तासभर बसल्या आणि आईचा प्रत्येक प्रश्न ऐकून घेतला. लस दिल्यावर अर्धा तास थांबल्या आणि काही झालं तर कुणाला कळवायचं तो नंबर स्वतःच्या हाताने लिहून दिला. तो कागद अजून फ्रिजवर आहे.

पहिल्या कुटुंबातल्या धाकट्या दिरांना आम्ही तपासणीला पाठवलं. वय ४१, कोलेस्टेरॉल भावाइतकंच. आता रोज गोळी घेतात. भाऊ लसीनेच गेला असं अजूनही म्हणतात.

काय वेगळं करता आलं असतं

ग्रुप बंद करायला नको होता. यादीखाली त्याच दिवशी एवढंच लिहायला हवं होतं की या घरांची परवानगी न घेता त्यांची माहिती टाकली आहे, ती काढा, आणि ज्यांना प्रश्न आहे त्यांनी रविवारी बसून बोलू. यादी टाकणाऱ्याकडे आधी जायला हवं होतं. मी व्याख्यानानंतर गेले, म्हणजे तीन आठवडे उशिरा. यादीतल्या घरांकडे तर सगळ्यात आधी.

आता सोसायटीत कुणी गेलं की समितीतलं एक जण घरच्यांबरोबर रुग्णालयात थांबतं. वैद्यकीय प्रमाणपत्राची प्रत मागून घेतो, कारणाच्या खालच्या ओळी कोऱ्या असतील तर डॉक्टरांना तिथेच विनंती करतो. आणि तरुण माणूस अचानक गेलं तर शवविच्छेदनाला नाही म्हणू नका, हे जड असतं तरी सांगतो. गेल्या वर्षी एका घराने ऐकलं, एका घराने नाही.

एक काम राहिलं होतं. पॉझिटिव्ह चाचणीनंतर तीस दिवसांच्या आत मृत्यू झाला असेल तर तो कोविड मृत्यू धरायचा, असा नियम सप्टेंबर २०२१ मध्येच आला होता, आणि त्यावर ५० हजार रुपयांचं सानुग्रह अनुदान होतं. माजी खजिनदारांना हे कुणी सांगितलं नव्हतं. मी त्या वेळी त्याच खात्यात नोकरीला होते, एकाच सोसायटीत राहत होते, मीही सांगितलं नव्हतं. अर्जाची मुदत केव्हाच संपली होती. तरी आम्ही दोघांनी मिळून तक्रार निवारण समितीकडे अर्ज केला. त्यात त्यांनी पैशांचा उल्लेख खोडून टाकला. फक्त पत्नीच्या मृत्यूचं कारण दुरुस्त करावं एवढीच मागणी ठेवली, आणि आरटीपीसीआरचा अहवाल जोडला. अर्जाची पोच त्यांनी त्या फाईलमध्ये तारखेनुसार लावून ठेवली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.